नाव आणि नफा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याकडे मी गणित शिकलो आणि पुढे आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले. त्यामुळे माझ्या बोलण्यात वक्तृत्वाची फारशी अपेक्षा ठेवू नये. जबाबदारीने वागणारा उद्योग नफ्यात राहू शकतो काय, आणि त्याचे नाव बाजारात टिकते काय, हा आजचा विषय आहे. बाजारातल्या या नावाला हल्ली ‘ब्रँड’ म्हणतात. आपल्या आजोबांच्या पिढीत ‘मार्का’ किंवा ‘छाप’ म्हणत. ‘ब्रँड’चा इंग्रजीतील एक जुना अर्थ गुरांच्या अंगावर दिलेला डाग असा आहे. जनावर कोणाचे हे त्यावरून कळावे, एवढाच त्याचा हेतू. म्हणजे मालावर नाव घातले की उत्पादक आपण होऊन पकडला जाण्याची सोय करून ठेवतो. माल बिघडला तर कोणाच्या दारात जायचे, हे गिऱ्हाइकाला ठाऊक असते. जाहिरातवाल्यांना हा अर्थ फारसा रुचत नाही, पण मला तोच खरा वाटतो.

उदाहरणासाठी आपल्याला बेळगावाबाहेर जाण्याचे कारण नाही. किर्लोस्कर रोडवरून आपण सारे जातो. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवीत. तेथे बढतीत डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावास आले. थोरले बंधू रामूअण्णांसह चालविलेले सायकलीचे दुकान हा त्यांच्या व्यवसायाचा प्रारंभ, आणि किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ सालापासून मोजतो. या दुकानातील एक तपशील मला हिशेबनीस म्हणून फार मोलाचा वाटतो. येथे सायकल विकली जाई आणि चालवायलाही शिकविली जाई. शिकवणीचे पंधरा रुपये वेगळे घेत. शिकविण्याचा मोबदला मिळत होता, आणि शिकलेला माणूस पडत नव्हता. पडलेल्या माणसाने दुकानाची जी कीर्ती पसरविली असती, तिची किंमत कोणत्याही वहीत मांडता येत नाही.

मग कडबा कापण्याचे यंत्र आले आणि १९०३ साली लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष उतरते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आपण शिकलेली माणसे ही गोष्ट हसत हसत सांगतो, ते मला पटत नाही. ज्याच्याजवळ एकच शेत आणि एकच हंगाम आहे, त्याने नव्या वस्तूविषयी संशय धरणे हे शहाणपणच होय. नांगर फसला तर कारखानदाराचा एक नांगर जातो. शेतकऱ्याचे वर्ष जाते. हा संशय घालवायचा तर नांगर शेतात चालून दाखवावा लागतो, आणि पुढच्या हंगामातही चालावा लागतो.

येथे फाळाविषयी थोडे सांगतो, कारण सारे मर्म तेथे आहे. नांगराचा फाळ झिजणारच. म्हणून नांगर करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. फाळ मऊ ठेवला तर तो लवकर झिजतो आणि सुट्या भागांची विक्री वाढते. हिशेबात ही वाट पहिल्या वर्षी फायद्याची दिसते. पण शेतकरी फाळाची झीज स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि पाणवठ्यावर, बाजारात, जत्रेत ती दुसऱ्याला सांगतो. तिसऱ्या वर्षी त्या नांगराला गिऱ्हाईक राहत नाही. वाईट मालाचा चटका ज्याने पैसे मोजले त्यालाच बसतो, तेथे जबाबदारी आणि नफा यांची वाट एकच असते. तेथे उद्योजकाला सद्गुणी असण्याचीही गरज नाही. दूरचे दिसले म्हणजे पुरे.

पुढे वस्तीच्या विस्तारासाठी नगरपालिकेने जागा सोडायला सांगितल्यामुळे कारखान्याला बेळगाव सोडावे लागले, हे आपल्या गावाच्या इतिहासातले एक तोट्याचे पान. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची बत्तीस एकर माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. निवडुंग आणि साप यांचे ते रान. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. वसाहतीची व्यवस्था रामूअण्णांनी पाहिली. वाडीत अस्पृश्यता पाळली जात नसे, आणि तुरुंगवास भोगून आलेल्यांनाही तेथे काम मिळाले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक काढले. कारखान्याच्या मालाची माहिती देण्यासाठी निघालेले हे पत्रक पुढे मराठी समाजाचे एक प्रमुख मासिक झाले. गिऱ्हाइकाला शहाणे करून माल विकण्याची ही रीत सायकलच्या शिकवणीचीच थोरली बहीण म्हणावी लागेल.

हे सारे कोणत्याही कायद्याच्या सक्तीशिवाय झाले. आता कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची आहे. शाळांना बाके मिळाली, दवाखान्यांना यंत्रे मिळाली. मी या तरतुदीला नावे ठेवत नाही. परंतु नफा काढून झाल्यावर सुरू होणारी ही जबाबदारी आहे. नफा काढला कसा, हा प्रश्न ती विचारत नाही.

म्हणून ताळेबंद हाती आला की मी प्रथम देण्यांची यादी वाचतो. बेळगावात ओतकामाचे छोटे कारखाने पुष्कळ. आपल्या शाळेचे कितीतरी माजी विद्यार्थी त्या भट्ट्यांवर संसार चालवितात. मोठ्या नावाच्या कंपनीला ते सुटे भाग पुरवितात आणि पैशांची वाट पाहतात. लघुउद्योगांना जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तरीही सहा-सहा महिने रखडलेली बिले मी पाहिली आहेत, आणि त्याच कंपनीच्या अहवालात वृक्षारोपणाची रंगीत चित्रेही पाहिली आहेत. गिऱ्हाइकाला यातले काही दिसत नाही. त्याच्या हातात उत्तम वस्तू पडते, म्हणून त्या नावाला धक्का बसत नाही. फाळाच्या गोष्टीतले तर्कशास्त्र येथे लंगडे पडते, कारण चटका तिसऱ्यालाच बसतो.

याहून अवघड उदाहरण पाण्याचे आहे. नांगरानंतर आपल्या भागात पंप आले, डिझेल इंजिने आली, वीज आली. चांगल्या पंपाने कोरडवाहू शेतकऱ्याचे आयुष्य पालटले, यात शंका नाही. परंतु पंप जितका चांगला, तितकी विहीर लवकर खाली जाते, आणि शेजाऱ्याचीही जाते. आज जगात सर्वाधिक भूजल भारत उपसतो. कर्नाटकात २००८ पासून दहा अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, तेव्हा कमी वीज खाणारा पंप घेऊन शेतकऱ्याच्या खिशात काही उरत नाही. तीन अश्वशक्तीने काम होत असताना तो पाच मागतो, विक्रेता साडेसात सुचवितो, आणि कारखान्याला मोठ्या पंपात जास्त मिळते. तिघेही खूश असतात. पाण्याच्या बाजूने बोलणारा त्या व्यवहारात कोणी नसतो.

जबाबदारी आणि नफा नेहमी हातात हात घालून चालतात, असे व्यवस्थापनाची पुस्तके सांगतात. मी तसे आपणास सांगणार नाही. येथे वीजदराचा, मीटरचा, भूजलाच्या नियमनाचा प्रश्न सरकारकडे जातो, आणि तो सुटेपर्यंत चांगल्या उत्पादकाला काही विक्री सोडावी लागेल. ती किती, हे त्याने वहीत खर्च म्हणून उघड मांडावे, एवढीच माझी मागणी आहे.

माझ्या अशिलांपैकी एक पंपविक्रेते आहेत. गिऱ्हाईक आले की ते प्रथम विहिरीची खोली, उन्हाळ्यातली पाण्याची पातळी आणि नळाची लांबी विचारून घेतात, मगच पंप दाखवितात. मोठा पंप हवाच असा हट्ट धरणारे पुष्कळ जण समोरच्या दुकानात जातात. पहिली काही वर्षे त्यांची विक्री शेजाऱ्यांपेक्षा कमी होती आणि त्यांचे चिरंजीव माझ्यापाशी तक्रार करीत. अलीकडे दुरुस्ती आणि सुट्या भागांचे उत्पन्न वाढले आहे, कारण जुनी गिऱ्हाइके दुरुस्तीसाठी तेथेच येतात. एकंदर नफा मात्र समोरच्या दुकानाइतका अजून झालेला नाही. चिरंजीवांनी यंदा आपण होऊन नव्या गिऱ्हाइकांसाठी हे तीन प्रश्न कागदावर छापून घेतले आहेत.