बाळंतपणातलं बीपी विसरू नका

राळेगावच्या बचत गटांतल्या आम्ही ताया बोलतोय.

मागे एका बैठकीत हप्ते जमा करताना आमच्यातल्या एका ताईला दरदरून घाम आला. दम लागला, पाठ भरून आली. कापूस वेचून थकली असेल, असं आम्हाला वाटलं. दवाखान्यात कळलं, बीपी फार वाढलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, “गरोदरपणात बीपीचा त्रास होता का?” ताई म्हणाली, “हो, धाकट्याच्या वेळी. पण बाळंत झाले अन् विसरले.”

आपण सगळ्याच विसरतो. बाळाच्या लसी झाल्या की कार्ड पेटीत जातं. पण गरोदरपणात बीपी किंवा साखर वाढली असेल, झटके आले असतील, तर पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो. बीपी वाढून झटक्यांपर्यंत गेलेल्या बाईला तो सुमारे दुप्पट असतो. सूज उतरली म्हणून गोष्ट संपत नाही.

मग लेकरं जास्त तर धोकाही जास्त का? ब्रिटनमध्ये ६० ते ७९ वयाच्या आठ हजारांवर बाया-पुरुषांची पाहणी झाली, ती २००३ साली छापून आली. दोन लेकरं असलेल्यांत हृदयविकार सर्वांत कमी दिसला. त्यापुढे लेकरागणिक वाढला. आयांमध्ये जास्त, पण बापांमध्येही. बाप तर बाळंत होत नाही! म्हणजे भार नुसता पोटात वाढवण्याचा नाही, लेकरं पोसण्याचाही असावा.

आपलंच घर पाहा. आई सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाते, झोप अर्धवट. बाप कर्जाच्या काळजीत खर्रा चघळतो. आपल्यातही कितीजणी खातात! तंबाखू हृदयाला घातकच.

लेकरं दोष नाहीत, बायांनो. स्वतःकडे पाहायचं राहून जातं, तो दोष.

म्हणून आम्ही ठरवलंय: तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं उपकेंद्रात बीपी-साखर तपासायची, घरधन्यालाही न्यायचं. जुनं कार्ड दाखवून गरोदरपणातला त्रास सांगायचा. गोळी सुरू झाली तर बरं वाटलं म्हणून मनानं सोडायची नाही. छातीत कळ, दम, घाम, जबडा किंवा पाठ दुखली, तर १०८ ला फोन लावायचा.

आणि हप्त्याच्या वहीत आता एक रकाना वाढवलाय, बीपीचा. पैशांची बचत करतोच, जिवाचीही करू या.