आधी हातात टाळ, मग मोबाइलवर तानपुरा

शाळेतला संगीताचा तास म्हणजे प्रार्थना आणि स्नेहसंमेलनाची तयारी, एवढीच समजूत अजून टिकून आहे. पण लय आधी शरीरात मुरते, म्हणून मुलांच्या हाती वाद्य द्यायला हवं. ते महागडं नसलं तरी चालेल. लेझीम शाळांच्या कवायतीत पूर्वीपासून आहे, आणि बोरिवलीच्या लोकलमधली भजनी मंडळं टाळांवर अख्खा प्रवास रंगवतात. त्याच टाळांवर आठ मात्रांचा केरवा मोजला, की पाचव्या मात्रेवरची खाली वहीत न लिहिताही कळते. शेजारी गणिताचा तास चालू असताना एवढा आवाज कसा करायचा, असं शिक्षक विचारतील. प्रश्न रास्त आहे. मैदान नसेल तर बाकावर बोटांनी ठेका धरावा.

तंत्रज्ञानाने परंपरा बिघडते, हा आक्षेप मात्र जुनाच. खुद्द आकाशवाणीने १९४० ते १९७१ हार्मोनियमला मज्जाव केला होता, कारण तिच्या ठरावीक पट्ट्यांतून मींड निघत नाही. मर्यादा खरी होती, तरी पेटी घराघरांत राहिली. मोबाइलवरच्या तानपुऱ्याशीही मुलांनी आपला षड्ज जरूर ताडून पाहावा. मींड शिकवताना मात्र शिक्षकांनी स्वतः गाऊन दाखवावं.