पडद्यावरचा रंग, कागदावरचा रंग

‘कॉम्प्युटरवर तर किती छान दिसत होता!’ हे वाक्य फोटो स्टुडिओवाल्यांच्या चांगलंच ओळखीचं आहे. गिऱ्हाइकाच्या हातात छापून आलेला फोटो असतो आणि चेहऱ्यावर नाराजी. फोटो काळवंडलाय, आकाश मळकट झालंय, साडीचा रंग बसलाय. मग दोष द्यायचा कुणाला? यंत्राला, शाईला की स्टुडिओवाल्याला?

दोष देण्याआधी दोघांचा स्वभाव पाहू. संगणकाचा पडदा स्वतःच प्रकाश देतो. लाल, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश एकमेकांत मिसळून तो रंग घडवतो आणि तिन्ही पूर्ण पेटले की पांढरा दिसतो. कागदाजवळ स्वतःचा उजेड नाही. खिडकीतून किंवा दिव्यातून येईल त्या उसन्या उजेडावर त्याचा संसार. त्यावरची शाई उजेडातला काही भाग गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परतवते. पडद्यावर बेरीज चालते, कागदावर वजाबाकी. चांगल्या पडद्यावरचा पांढरा रंग काळ्याहून हजारपट उजळ असू शकतो, कागदावर हे अंतर साधारण शे-दोनशे पटींचंच. म्हणजे ‘हुबेहूब’ हा शब्द इथे जरा जपूनच वापरायला हवा.

माझा भाचा हेच काम करतो. तो पडद्यावर एक छोटं रंगमापक यंत्र टेकवतो. पडदा एकामागून एक रंग दाखवतो, यंत्र ते मोजतं आणि पडदा कुठे चुकतो याचा तक्ता तयार होतो. याला ‘प्रोफाइल’ म्हणतात. अशा तक्त्यांची भाषा सर्व यंत्रांना एकच असावी म्हणून १९९३ साली कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापन केला. पण एवढ्यानं भागत नाही. पडदा खरं बोलू लागला, तरी छपाईयंत्र, शाई आणि कागद या तिघांच्या जोडणीचा वेगळा तक्ता लागतो. कागद बदलला की तक्ताही बदलतो.

‘फोटो काळा आला’ या तक्रारीचं मूळ मात्र बहुतेक वेळा फार साधं असतं. पडदाच फार उजळ ठेवलेला असतो. छपाईशी जुळवायचं तर पडद्याची उजळता चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला पुरे होते. दुकानातून आणलेला मॉनिटर अनेकदा याच्या दुपटीहून जास्त झगमगत असतो. भाचा म्हणतो, ‘मामू, पडदा खोटं बोलत नाही, पण ओरडून बोलतो. त्याचा आवाज आधी कमी करा.’

आता मला खरं सांगायचंय ते यापुढचं. अम्मीच्या इंतकालानंतर तिचा एक फोटो मोठा करून घ्यायचा होता. गावाकडे थोरल्या आपाच्या घरी तो लागणार होता. अम्मी सावळी होती. भाच्याच्या पडद्यावर ती तशीच दिसत होती. लॅबमधून फोटो आला, तो मात्र एका गोऱ्यापान बाईचा. काउंटरवरचा माणूस समजुतीनं म्हणाला, ‘मशीन आपोआप उजळ करतं. सगळ्यांना असंच आवडतं.’ आपानं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘ही कोण?’

हा प्रश्न फक्त आमच्या घरातला नाही. विसाव्या शतकात कोडॅक कंपनी लॅबना रंग जुळवण्यासाठी एका गोऱ्या तरुणीचा नमुना फोटो पाठवत असे. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची कांती नीट आली की रंग नीट आले, असा हिशेब. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेलं कार्ड कंपनीनं काढलं ते १९९०च्या दशकात. मोजपट्टी अचूक असणं महत्त्वाचं आहेच, पण ती कुणाच्या चेहऱ्यावरून बेतली, हेही विचारायला हवं.

भाच्यानं फोटो पुन्हा पाठवला, सोबत स्पष्ट सूचना देऊन : ‘यंत्राची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवावी.’ या वेळी अम्मी आली. रात्री पिवळ्या बल्बखाली तो फोटो किंचित तांबूस दिसतो. आपाला त्याचं काही वाटलं नाही. म्हणाली, ‘चुलीपुढे ती अशीच दिसायची.’

तुम्हीही फोटो छापून घेणार असाल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. पडद्याशेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडदा मंद करा. फाइल एसआरजीबी या रंगपद्धतीत द्या. १९९६ साली सुचवलेली आणि १९९९ साली प्रमाण ठरलेली ही पद्धत बहुतेक लॅबना चालते. मोठ्या फोटोआधी एक लहान फोटो छापून पाहा. छापून आलेला फोटो दिवसाउजेडी खिडकीशी धरून तपासा आणि तो जिथे लावायचा आहे, तिथल्या दिव्याखालीही एकदा पाहा. दुरुस्ती नको असेल, तर लॅबला तसं तोंडी नको, लेखी सांगा.

आणि कागदाकडून पडद्याच्या झगमगाटाची अपेक्षा ठेवू नका. वीज गेली की पडदा विझतो. कागद भिंतीवर राहतो, खिडकीतून येईल त्या उजेडात. पुढे नातवंडं त्याच्याकडे पाहून विचारतील, ‘ही आमची पणजी का?’ त्यांना तिचा खरा रंग दिसावा, एवढ्यासाठी ही सारी खटपट करायची.