फ्युएल सेलची कल्हई
(मंडळाच्या सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



दारावर येणारा कल्हईवाला आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकायचं. आंबटपणामुळे धातू पदार्थात उतरायचा. हायड्रोजनवर वीज बनवणारा फ्युएल सेलही बऱ्याचदा अशाच 'कळकण्या'ने आजारी पडतो!

2004 साली सिंगापुरात डेमलरक्रायस्लरच्या फ्युएल सेलवरच्या मोटारी प्रयोगादाखल धावल्या. ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात सीएसआयआर आणि केपीआयटी यांच्या बसचं अनावरण झालं. अशा सेलच्या पोटात नेफिऑनसारख्या आम्लधर्मी प्लास्टिकचा, केसाहून पातळ पडदा असतो. एका बाजूला हायड्रोजन, दुसरीकडे हवा. प्रोटॉनला वाट द्यायची आणि वायूंना अडवायचं, हे त्याचं काम.

पण थोडा वायू पाझरतोच. प्लॅटिनमवर हायड्रोजन आणि ऑक्सिजन भेटले की थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं. त्यात पोलादी पत्र्यातून किंवा नळीतून आलेला लोहाचा अंश मिसळला, की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात. लोह आणि पेरॉक्साइडच्या जोडीचा हा पराक्रम फेंटनने 1894 मध्येच नोंदवला होता. हे रॅडिकल प्लास्टिकच्या साखळीचं कच्चं टोक धरतात आणि स्वेटर उसवावा तशी साखळी उसवत जाते. बाहेर पडणाऱ्या पाण्यात फ्लोराइड सापडतं. लघवी तपासून रोग ओळखावा, तसे इंजिनिअर ते मोजतात. शेवटी पडद्याला भोक पडतं, वायू एकमेकांत मिसळतात आणि सेल निकामी होतो.

गंमत म्हणजे, वीज न घेता सेल नुसता चालू ठेवला, तोही गरम आणि कोरडा, तर ही झीज जास्त होते. पडद्याला ओलावा लागतो. आपण ज्या दमटपणाला कंटाळतो, तो त्याला मानवतो!

मग उपाय काय? एक म्हणजे कल्हई: पत्र्यांना लेप द्यायचा, किंवा टोयोटाने 2014 च्या मिराईत केलं तसे टायटॅनियमचे पत्रे वापरायचे. दुसरा, साखळीची कच्ची टोकं फ्लोरिनने बांधायची. तिसरा, पडद्यात सिरियम घालायचं. ते रॅडिकलना निष्प्रभ करतं. पण सिरियम जागेवर राहत नाही, हळूहळू सरकतं. तिथे संशोधन अजून चालू आहे.

सिंगापूरने 2022 मध्ये राष्ट्रीय हायड्रोजन धोरण जाहीर केलं. आपली मुलं उद्या या क्षेत्रात जातील. नवी गाडी पाहिली की त्यांनी वेगाआधी एक प्रश्न विचारावा: "पडदा किती तास टिकला?"