आईची शाल आणि घराचा जमाखर्च

(मंडळाच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



दूध आटेपर्यंत दहा मिनिटं बोला, असा अध्यक्षांचा हुकूम आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

एखादी इमारत वर्षभरात किती ऊर्जा खाईल, हे ती बांधण्याआधीच कॉम्प्युटरवर काढायचं, हा माझा धंदा. त्यासाठी आम्ही अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा 'एनर्जीप्लस' हा प्रोग्रॅम वापरतो. तो २००१ साली आला. प्रत्येक खोलीच्या उष्णतेचा तासातासाचा जमाखर्च तो मांडून देतो. हिवाळ्यात जमेला ऊन, दिवे, हीटर आणि माणसं (नुसता बसलेला माणूसही साधारण १०० वॅट उष्णता देतो!). खर्चाला भिंती, छप्पर, खिडक्या आणि फटींतून शिरणारी थंड हवा.

दोन्ही बाजू जुळल्या की नवशिक्या खूश होतो. पण ताळा जुळला म्हणजे हिशेब खरा, असं नाही. खिडकीचं माप चुकीचं भरलं तरी ताळा जुळतोच. हीटर तेवढा कमी-जास्त चालला, असं दिसतं इतकंच.

दुसरी गंमत उन्हाची. काचेतून आलेलं ऊन हवेला थेट तापवत नाही. आधी फरशी आणि भिंती तापतात, मग त्या सावकाश हवेला उष्णता देतात. म्हणून ऊन दुपारी जमा होतं, आणि एसीवरचा भार मात्र संध्याकाळपर्यंत रेंगाळतो.

एवढं सगळं ठाऊक असूनही मी घरातच चुकलो. तीन-चार वर्षांपूर्वी आई पुण्याहून शिकागोला आली. ऐन जानेवारी. तिची खुर्ची मोठ्या खिडकीशी. "अरे, इथे गार लागतंय," ती म्हणायची. मी थर्मोस्टॅट दाखवायचो, "आई, ७० अंश आहे!" स्वतःच्या घराचं मॉडेलही मी केलं होतं. त्यात एक ताससुद्धा खोली ७०च्या खाली नव्हती. आई काही बोलली नाही. तिने दुसरी शाल घेतली.

दोन आठवड्यांनी मी रिपोर्टचं दुसरं पान उघडलं, भिंती आणि काचांच्या तापमानाचं. बाहेर शून्य फॅरनहाइट असताना काचेची आतली बाजू पन्नाशीच्याही खाली! मी वाचत होतो तो ताळेबंद हवेचा. आईचं अंग मात्र त्या गार काचेकडे सतत उष्णता फेकत होतं, मधली हवा कितीही उबदार असली तरी. तिच्या अंगाचा जमाखर्च मी मांडलाच नव्हता.

खुर्ची आतल्या भिंतीशी हलवली, खिडकीला जाड पडदे लावले. थर्मोस्टॅटला हात लावला नाही. दुसरी शाल कपाटात गेली.

तेव्हापासून कुठलाही रिपोर्ट वाचताना मी आधी विचारतो, हा हिशेब कुणाचा? तुमच्याकडेही यंदा आई-बाबा येतील. गार लागतंय म्हणाले, तर थर्मोस्टॅट दाखवू नका. आधी खिडकीच्या काचेला हात लावून बघा.

दूध तयार झालेलं दिसतंय.