बसऱ्याच्या भिंतीवरील आकडा

(बुद्धविहारातील सभेत एका वकील बांधवाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



धर्मांतरितांच्या कायदेशीर हक्कांविषयी मी आज बोलावे, अशी चिटणीसांची सूचना होती. दाखले, सवलती, वारसा यांविषयी काही ऐकावयास मिळेल या अपेक्षेने आपण आला असाल. ते विषय मी टाळीत नाही; त्यांची पाळी पुढच्या सभेत येईल. परंतु गेल्या काही महिन्यांत माझ्या कचेरीत एक प्रकरण आले आणि त्यामुळे हक्क या शब्दाचा अर्थ मलाच पुन्हा तपासून पाहावा लागला. तेच आज आपणांपुढे ठेवतो.

कोकणातील एक वृद्ध उपासिका आपल्या नातवाला बरोबर घेऊन माझ्याकडे आल्या. त्यांच्या कुटुंबाने १९५६ साली दीक्षा घेतली, तेव्हा त्या परकरी पोर होत्या. त्यांनी लुगड्याच्या पदराची गाठ सोडून एक काळवंडलेले पदक माझ्या टेबलावर ठेवले. घरात त्याला 'आज्याचा बिल्ला' म्हणत असत आणि लहानपणी भावंडे त्याच्याशी खेळत असत. पदकाच्या कडेवर इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक व एक नाव कोरलेले होते. त्यांच्या वडिलांनी आपल्या वडिलांचे तोंड कधी पाहिले नव्हते. आजा बसऱ्याकडे गेला तो परतला नाही, एवढेच घरात ठाऊक. बाईंचा प्रश्न साधा होता : "साहेब, त्यांचं नाव तिकडं कुठं लिवलंय का?"

ते पदक कांस्याचे होते. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने जे युद्धपदक वाटले, ते लढणाऱ्या शिपायांस चांदीचे मिळाले. मजूर पलटणींत जे राबले त्यांच्यासाठी तेच पदक कांस्याचे काढण्यात आले. चित्र तेच, राजाचा मुखवटा तोच. केवळ धातू निराळा. म्हणजे हा मनुष्य बंदूकधारी नव्हता. तो ओझी वाहणारा, रस्ते करणारा, तळ स्वच्छ ठेवणारा असा कोणी असला पाहिजे. सैन्याच्या भाषेत अशांना 'फॉलोअर' म्हणत. आपल्या समाजातील माणसांना त्या काळी सैन्याची कोणती दारे उघडी होती, हे लक्षात घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही. १८९० नंतरच्या दशकात महारांची सैन्यभरती बंद करण्यात आली. गोपाळबाबा वलंगकरांनी तिच्याविरुद्ध अर्ज केला. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. महायुद्धाने माणसांची निकड निर्माण केली तेव्हा कोठे १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर थोड्याच वर्षांत ती मोडण्यातही आली.

आता बसऱ्याकडे वळू. मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक, येथील लढाईचा भार मुख्यतः हिंदी सैन्याने वाहिला. तिग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच 'पुणे डिव्हिजन' होते. १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी तीत होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून कूत येथे ही डिव्हिजन वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसे तुर्कांच्या हाती गेली. त्यांत शिपाई होते तसे भिस्ती, आचारी, झाडूवाले व डोलीवाहकही होते. वाळवंटातील त्या पायपिटीत आणि कैदेत जे मेले, त्यांतील बहुतेकांना थडगेही लाभले नाही.

अशा बेपत्ता मृतांसाठी बसऱ्याजवळ, शत्-अल्-अरबच्या काठी, एक स्मारक बांधण्यात आले. २७ मार्च १९२९ रोजी त्याचे अनावरण झाले. चाळीस हजारांहून अधिक मृतांचे ते स्मारक आहे. १९९७ साली इराकच्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकुमाने ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे ३२ किलोमीटर अंतरावर, उघड्या माळावर पुन्हा उभारण्यात आले. त्याच्या भिंतींवर नावे कोरलेली आहेत. ब्रिटिश पलटणींतील अगदी साध्या शिपायाचेही नाव तेथे आहे. हिंदी पलटणींचे मात्र तसे नाही. तेथे गोरे अधिकारी आहेत, आपले सुभेदार व जमादारही आहेत. त्यांच्याखाली पलटणीचे नाव आणि पुढे 'इतर दर्जाचे इतके'. तीस हजारांहून अधिक माणसे अशा रीतीने आकड्यांत जमा केलेली आहेत.

वकील या नात्याने मी प्रथम पाहिले ते हे की, असे करण्याचा अधिकार कोणास होता काय? या युद्धस्मारकांचे काम ज्या कमिशनकडे होते ते मे १९१७ मध्ये राजसनदेने स्थापन झाले. आज त्याला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणतात. ब्रिटिश म्युझियमचे प्रमुख सर फ्रेडरिक केनियन यांनी १९१८ साली त्याला जो अहवाल दिला, त्याचा पायाच समतेचा होता. श्रीमंताला संगमरवर आणि गरिबाला लाकडी फळी, असे चालणार नाही. मृताचा हुद्दा कोणताही असो, स्मरणात भेद नाही. वंश व धर्म यांवरूनही भेद करावयाचा नाही, हे कमिशनने आपले तत्त्व म्हणून मान्य केले. म्हणजे नियम चांगला होता. मोडला तो अंमलात.

अंमल करता आला नसता असेही नाही. फ्रान्समध्ये न्यूव्ह शापेल येथे हिंदी सैन्याचे स्मारक आहे. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी, म्हणजे बसऱ्याच्या आधी केवळ दीड वर्ष, त्याचे अनावरण झाले. तेथे ४,७०० हून अधिक मृतांची नावे आहेत आणि त्यांत शिपाई व मजूर दोघेही आहेत. आपणां बौद्धांना आणखी एका कारणाने त्या जागेविषयी आपुलकी वाटावी : त्याचा सुमारे पंधरा मीटर उंचीचा स्तंभ सम्राट अशोकाच्या स्तंभांवरून कल्पिलेला असून त्याच्या शिरोभागी कमळ आहे. एकाच सैन्यातले, एकाच जिल्ह्यातले दोन भाऊ. एक फ्रान्समध्ये पडला त्याचे नाव दगडावर आले, दुसरा इराकात पडला तो आकड्यात गेला. फ्रान्सच्या रस्त्याने युरोपातील माणसे जाणार-येणार होती. इराकातल्या नदीकाठी कोण पाहणार होते? याहून दुसरे समर्थनीय कारण मला सापडले नाही. एका आफ्रिकी वसाहतीच्या गव्हर्नराने तर १९२३ साली असा अभिप्राय दिला होता की, तेथील सामान्य मनुष्याला थडग्यावरील दगडाचे मोल समजणारच नाही. अमक्याला शिक्षण पचणार नाही, तमक्याला पाण्याच्या स्वच्छतेचे ज्ञान नाही, ही भाषा आपण आपल्या गावच्या चावडीवर ऐकलेली आहे. ती लंडनमध्येही बोलली जात होती एवढेच.

आपल्या गावांतूनही तोच प्रकार झाला. महाराष्ट्रातील कित्येक गावांत सरकारने त्या युद्धानंतर संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके जण महायुद्धावर गेले व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा त्यांवर मजकूर असतो. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात कामी आले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण पाटीवर असतो तो आकडा. तो वाचून पोरांना आपला आजा त्यात आहे की नाही, हे कसे कळावे?

आणि आता एक गोष्ट विशेष ध्यानात घ्या. बसऱ्याच्या शंभर वर्षे आधी, कंपनी सरकारच्या अमदानीत, भीमा कोरेगावचा विजयस्तंभ उभारला गेला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या साध्या शिपायांची नावे त्यावर कोरली गेली आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. ती नावे तेथे नसती, केवळ 'इतर दर्जाचे इतके' असे असते, तर १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब त्या स्तंभापुढे उभे राहिले तेव्हा त्यांना कशाकडे बोट दाखविता आले असते? आमचे पूर्वज येथे होते हे म्हणणे आणि हे पाहा त्यांचे नाव, हे म्हणणे, यांत कोर्टाच्या दृष्टीने फार अंतर आहे. एक सांगीव गोष्ट आहे. दुसरा लेखी पुरावा आहे. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिने आपल्या चिन्हात काही काळ तोच स्तंभ घेतला होता.

अन्याय ओळखला जाण्यास फार काळ लागला. प्राध्यापिका मिशेल बॅरेट यांचे संशोधन आणि २०१९ साली ब्रिटिश खासदार डेव्हिड लॅमी यांनी केलेला दूरचित्रवाणीवरील माहितीपट यांमुळे कमिशनला चौकशी समिती नेमावी लागली. २२ एप्रिल २०२१ रोजी तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. आशिया व आफ्रिकेतील ४५,००० ते ५४,००० मृतांचे स्मरण असमान रीतीने झाले आणि आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावे नोंदलीच गेली नाहीत वा त्यांचे कसलेच स्मारक झाले नाही, असे तीत म्हटले आहे. त्याच दिवशी ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये क्षमा मागितली. क्षमेने नाव कोरले जात नाही. पण अर्ज करणाऱ्याचा पाय त्यामुळे भक्कम होतो.

बाईंच्या आज्याचे नाव मी कमिशनच्या यादीत निरनिराळ्या वर्णलेखनाने शोधले. मिळाले नाही. तेव्हा अर्ज करावयाचे ठरले. तेथे नातवाने दोन शंका काढल्या. तो शिकलेला, नोकरदार तरुण आहे. त्याच्या शंका मला महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली शंका : आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. श्राद्धपक्ष व पिंडदान करणार नाही असे म्हटले. मग मेलेल्या आज्याचे नाव दगडावर कोरून घेण्याचा हा आग्रह त्याच वळणावर जात नाही काय? मी म्हटले, पिंड मृतासाठी असतो आणि मृताला तो पोहोचत नाही, म्हणून आपण तो सोडला. नाव मृतासाठी नाही. ते तुझ्या आजीसाठी आहे, तुझ्या मुलांसाठी आहे. अशोकाने आपली शासने दगडावर कोरविली ती वाचणाऱ्यांसाठीच.

दुसरी शंका अधिक अवघड होती. पदकावरील नावाच्या शेवटी 'नाक' आहे. दीक्षेनंतर या कुटुंबाने आडनाव बदलले. जे नाव टाकण्यासाठी आपण एवढा झगडा केला तेच आता परदेशी भिंतीवर कोरावयाचे? नवे आडनाव घालता येणार नाही काय? माझा कायदेशीर सल्ला असा की, येणार नाही. पुरावा ज्या नावाचा, नोंद त्याच नावाची. माझे व्यक्तिगत मतही तेच आहे. त्या माणसाने कोणतेही आडनाव निवडले नव्हते. ज्या नावाने हाक मारली जाई त्याच नावाने तो बोटीत चढला. आपण त्याला दीक्षा देऊ शकत नाही. कोरेगावच्या २२ जणांना आपण ओळखतो ते त्याच 'नाक'मुळे. अर्जात अर्जदार म्हणून कुटुंबाने आपले आजचे नाव लिहिले आहे, आणि तेवढे पुरे.

ते साम्राज्याच्या युद्धात मेले, त्यांचा गौरव कशाला, असे कोणी म्हणेल. साधा शिपाईही त्या काळी महिना ११ रुपयांवर जाई. हमाल त्याच पोटासाठी गेला. मी गौरव मागतच नाही. शेजारच्या गोऱ्या शिपायाचे जसे नाव आहे तसे नाव मागतो. दुसऱ्या महायुद्धात ते मिळाले. इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर माणगाव तालुक्यातील यशवंत घाडगे यांचे नाव आहे. ब्रह्मदेशातील रंगून स्मारकावर हिंदी शिपायांची नावे हजारोंनी आहेत. मग आधीच्यांनीच काय अपराध केला?

आता कामाचे बोलतो. कमिशन पहिल्या महायुद्धाचा काळ ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ असा धरते. या काळात सेवेत असताना, किंवा सेवेमुळे जडलेल्या दुखण्याने, मृत्यू झाला असे दाखवावे लागते. तेव्हा घरी गेल्यावर ट्रंका उघडा. पदक असेल तर त्याची कड भिंगाने पाहा आणि ते घासून चकचकीत करू नका, अक्षरे जातात. मृतांच्या कुटुंबांना एक मोठी गोल कांस्याची चकती दिली जात असे. तीवर हुद्दा न घालता केवळ नाव असते. तिचा कोणी तवा वा झाकण केले असेल तरी ती घेऊन या. निवृत्तिवेतनाचा कागद, मनिऑर्डरीची पावती, जन्ममृत्यूच्या नोंदीचा उतारा, काहीही चालेल. लाहोरच्या संग्रहालयात पंजाबच्या गावोगावच्या शिपायांच्या नोंदवह्या पडून होत्या. त्यांतील सुमारे ३ लाख २० हजार नोंदी २०२१ साली उजेडात येऊ लागल्या. आपल्याकडील कागद मुंबई-पुण्याच्या दप्तरखान्यांत शोधावे लागतील, आणि त्यासाठी मोडी वाचणारे दोन तरुण मला हवे आहेत.

बाईंचा अर्ज गेल्या महिन्यात रवाना झाला. उत्तर अद्याप आलेले नाही. पदक मी त्यांना परत केले. त्याचे फोटो मात्र माझ्याकडे आहेत. येत्या चार रविवारी सकाळी नऊ ते बारा मी याच विहारात, मागच्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी असा एखादा बिल्ला वा कागद असेल, त्यांनी तो घेऊन यावा. फी नाही.