टाकीत थांबलेले पाणी

जलशुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी चाचणीत पास झाले, तरी नळाला ते तसेच येईल याची हमी नसते. वाटेत टाकी असते. कलबुर्गीला भीमा आणि बेन्नेतोऱ्याचे पाणी येते, बिदरला मांजरा-कारंजाच्या खोऱ्यातले. ते जलकुंभात चढते आणि तासन्‌तास थांबते. उन्हाळ्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. पाणी तापले की त्यातला क्लोरीन लवकर संपतो. उरलासुरला तळाचा गाळ आणि भिंतीवरचा बुळबुळीत थर खातो.

बिदरमध्ये हा विषय जुना आहे. पंधराव्या शतकात बहामनींनी कलबुर्गीहून राजधानी इथे आणली. जांभा खडकात मुरलेले पाणी त्याखालच्या काळ्या पाषाणावर अडते. तेच पाणी बहामनी काळातल्या नौबादच्या कारेजने, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्याने, वाहते केले. पाणी सावलीत राहिले, साचले नाही, आणि जागोजागच्या उभ्या विवरांतून गाळ उपसता आला.

आजच्या टाकीलाही याच सोयी लागतात: घट्ट बसणारे झाकण, हवेच्या नळीला आणि ओव्हरफ्लोला जाळी, तळाशी गाळ सोडण्याचा वॉल्व्ह. पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची तोंडे शेजारी-शेजारी असली, तर नवे पाणी तसेच निसटते आणि कोपऱ्यातले जुने पडून राहते. स्थापत्य अभियंत्यांना परीक्षेत टाकीच्या खांबांच्या गणिताला गुण मिळतात. झाकणाला बहुधा कोणी देत नसेल.

धुण्यासाठी टाकी रिकामी करावी लागते, म्हणजे त्या दिवशी वस्तीला पाणी नाही. म्हणून हे काम पुढे ढकलले जाते. धुतल्याची तारीख टाकीवर रंगवण्याची पद्धत आहे, पण टाकी धुण्यापेक्षा तारीख रंगवणे सोपे. धुऊन झाल्यावर क्लोरीनच्या तीव्र द्रावणाने भिंती निर्जंतुक करून ते पाणी सोडून दिले जाते.

रोजच्या मात्रेत खरी चूक होते ती ब्लीचिंग पावडरीच्या वयामुळे. पाच लाख लिटरच्या टाकीत लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन हवा, तर एकूण 1 किलो लागतो. ताज्या पावडरीत तो सुमारे 33 टक्के असतो, म्हणजे तीन किलो पावडर पुरते. उघड्या पोत्यात दमट होऊन तो 20 टक्क्यांवर आला, तर पाच किलो. वॉल्व्हमन मात्र मापाने तेवढीच टाकत राहतो. पावडर मिसळल्यावर निदान अर्धा तास पाणी थांबवायचे, मगच सोडायचे.

दिवसाआड पाणी सुटणाऱ्या गावात रिकाम्या वाहिनीत बाहेरचे सांडपाणी शिरते, तिथे टाकी कितीही स्वच्छ असून भागत नाही. कलबुर्गीच्या काही भागांत 2008च्या सुमारास चोवीस तास पुरवठ्याचा प्रयोग झाला. वाहिनीत सतत दाब राहिला की ही घुसखोरी थांबते.

नमुना टाकीखालच्या नळाचा नको, वाहिनीच्या शेवटच्या घरातला हवा, मग गाव भालकी असो वा आळंद. तिथे लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरावा आणि 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडू नये, असे भारतीय मानक 10500 सांगते. क्लोरीन कमी भरला, तर मात्रा वाढवण्याआधी गाळ, झाकण आणि पावडरीचे पोते तपासावे लागते.